दोन कपाटे आणि लाखेचा हात

नागझिऱ्याचे अरण्य 1970 साली अभयारण्य झाले, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, हा मुलूख अद्याप भंडारा जिल्ह्याच्या दफ्तरी असताना, चोरखमाऱ्याकडच्या आमच्या घरात सागवानी कपाट करण्याची तजवीज झाली. लाकूड लिलावातले, रीतसर पावतीचे, वाढई निष्णात, घाई मात्र सर्वस्वी माझी.

भर श्रावणात चौकट उभी राहिली, कुसवे सरस लावून भोकांत ठोकली गेली, पल्ल्यांच्या खोबणीत रुंद फळ्या सरकल्या, आणि सर्व जुळून आल्यावरच, जणू अंतिम संस्कार म्हणून, पॉलिशला आरंभ झाला. “गुरुजी, पाण्यापावसाचं लाख नका लावू,” असे वाढई म्हणाला होता. मी ऐकले नाही. लाखेचा तर गोंदियात तोटा नव्हता: पळस-कुसुमाच्या कोवळ्या फांद्यांवर चिमुकला कीटक जी राळ स्रवतो, तीच धुऊन-वितळवून चपडी होते आणि स्पिरिटमध्ये विरघळली की पॉलिश. (ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांतही हीच लाख असे, आमच्या पळसाने किती गवयांना कंठ दिला कोण जाणे!) पण स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंडावतो, दमट हवेतली वाफ ओल्या थरावर धरते, आणि तिसऱ्या हाताला माझे कपाट ताकासारखे पांढुरके झाले.

ते वैगुण्य कार्तिकातल्या कोरड्या उन्हात, स्पिरिटचा बोळा हलकेच फिरवून, वाढयाने घालवले. दुसरे मात्र जाण्यासारखे नव्हते. चैत्र लागला, पावसात फुगलेल्या फळ्या रुंदीत आक्रसल्या आणि खोबणीत दडलेली त्यांची कड बाहेर आली. पिंगट फळीच्या दोन्ही अंगांना सुताएवढी कोरी, फिकट रेघ! जे लाकूड पॉलिशच्या वेळी दिसतच नव्हते, त्याला हात लागणार कसा?

दुसरे कपाट त्याच वाढयाने पुढे एका माघात केले, तेव्हा क्रम त्याच्यावरच सोपवला. फळ्या रंधून, घासून, दोन्ही तोंडांना आणि कडांना लाखेचे हात देऊन त्याने आधीच वाळवल्या, कारण एकाच तोंडाला पॉलिश दिलेली फळी ओल कमीजास्त पिऊन वाकते. कुसवे तेवढी कोरी राखली, लाखेवर सरस धरत नाही म्हणून. पल्ले बिजागऱ्यांवर बसवून, रंध्याने कडा सारख्या करून, मग उतरवून चौकटीला पॉलिश दिले. आत जवसाचे तेल लावू, असे मी सुचवताच तो हसला: बंद कपाटात त्याचा वास कपड्यांना वर्षानुवर्षे येतो. आतही लाखच लागली.

पुढे 1999 साली गोंदिया जिल्हा झाला, 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, गोंदियाच्या दुकानांत मेलामाइन पॉलिशचे डबे आले. दोन्ही कपाटे एकाच भिंतीला आहेत. वैशाखात दोहोंच्याही फळ्या आक्रसतात. दुसऱ्याचे कुणाला कळत नाही, पहिल्याची ती फिकट रेघ दर चैत्रात उगवते आणि आर्द्रा बरसल्या की खोबणीत परत जाते.