ढ कुठे गेला?

शिरपूरच्या एका डीटीपीच्या दुकानातली जुनी फाइल काही वर्षांपूर्वी माझ्या हातात आली. नाले खोल-रुंद करणं, साखळी बंधारे बांधणं, म्हणजे ज्याला आज 'शिरपूर पॅटर्न' म्हणतात त्यावरचा लेख होता. वेबवर तो सगळ्यांना वाचता यावा असं मनापासून वाटलं. मजकूर उचलून पानात टाकला, तर 'ढग' या शब्दापासून पुढचा मजकूर गायब. फाइलमध्ये अक्षर न् अक्षर जागेवर, पडद्यावर मात्र अर्धवट वाक्य.

लेख कृतिदेवमध्ये टाइप केलेला होता. युनिकोडच्या आधीच्या या फाँटात संगणकाच्या लेखी अक्षरं इंग्रजीच राहतात, वर फक्त देवनागरीचे आकार चढतात. तिथे ग म्हणजे एक्स, आणि ढ म्हणजे गणितातलं 'पेक्षा लहान' हे चिन्ह. वेबपानं ज्या एचटीएमएलमध्ये लिहितात तिच्यात हे चिन्ह आलं की ब्राउझर समजतो, मजकूर थांबला, आता मला सूचना आहे. 'पेक्षा मोठे' आलं की सूचना संपली. कृतिदेवात त्या जागी झ बसलेला. म्हणून 'ढग' दिसताच ब्राउझरला एक्स नावाची खूण उघडल्यासारखी वाटली आणि पुढचा झ किंवा परिच्छेदाचा शेवट येईपर्यंतचा मजकूर त्याने गिळला.

सगळ्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. सर्व्हरकडून ब्राउझरकडे एकच रांग निघते. लिहिणाऱ्याचे शब्द आणि पान मांडायच्या सूचना तिच्यातूनच जातात. त्या वेगळ्या ओळखायला चार-पाच चिन्हांचाच आधार. माझ्या लेखात गोंधळ फाँटामुळे झाला. पण तोच गोंधळ कुणी मुद्दाम घडवला तर? फॉर्ममध्ये नावाच्या रकान्यात नावाऐवजी जावास्क्रिप्टची ओळ भरली आणि सर्व्हरने ती जशीच्या तशी पुढच्या माणसाला दाखवली, तर ती त्याच्या ब्राउझरमध्ये चालू होते, त्याच्या लॉगिनच्या अधिकाराने. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या 'सर्ट' या केंद्राने 2 फेब्रुवारी 2000 रोजी याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तरी ऑक्टोबर 2005मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमावर सॅमी कामकरने सोडलेला किडा, म्हणजे स्वतःहून पसरणारा कोड, एका दिवसात दहा लाखांहून जास्त खात्यांवर पसरला. मायस्पेस 'जावास्क्रिप्ट' हा शब्द गाळून टाकत असे. त्याने शब्दाच्या मधोमध ओळ तोडली. गाळणीला तो शब्द ओळखू आला नाही, पण काही ब्राउझरांनी तुकडे जोडून घेतले.

वाईट शब्द हुडकून काढण्यावर माझा विश्वास नाही, तो यामुळेच. खरा उपाय साधा आहे: काही काढायचं नाही, फक्त वेष बदलून पाठवायचं. 'पेक्षा लहान'च्या जागी '&' हे चिन्ह, एल आणि टी ही दोन अक्षरं आणि अर्धविराम पाठवला की ब्राउझर ते चिन्ह पडद्यावर काढतो, आज्ञा म्हणून पाळत नाही. हा बदल साठवताना नको, बाहेर पाठवताना करायचा. दोन्हीकडे केला तर वाचणाऱ्याला शब्दांऐवजी ते सांकेतिक तुकडेच दिसतात. शिवाय जागा बदलली की वेषही बदलतो: परिच्छेदात एक, जावास्क्रिप्टच्या आत दुसरा, वेबपत्त्यात तिसरा. पत्त्यात 'शिरपूर' लिहिलं की टक्केचिन्हांसह त्याची 54 चिन्हं होतात.

माझ्या ढ चा प्रश्न मात्र मुळातून सुटला तो यूटीएफ-8 या युनिकोडच्या संकेतपद्धतीमुळे. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर 1992मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर ती आखली. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, आणि त्यातला एकही बाइट 128च्या खाली नाही. 'पेक्षा लहान'चा क्रमांक 60. त्यामुळे ढ ची आणि त्या चिन्हाची गाठ पडूच शकत नाही. मला ही रचना फार सुंदर वाटते. पण संकेतपद्धत कोणती, हे सर्व्हरने स्पष्ट सांगायला हवं. न सांगितल्यास जुना इंटरनेट एक्सप्लोरर अंदाज बांधायचा, आणि तो यूटीएफ-7 या दुसऱ्या पद्धतीचा निघाला तर निरुपद्रवी दिसणाऱ्या अक्षरांतून तेच 'पेक्षा लहान'चं चिन्ह बाहेर पडायचं.

सुरक्षेच्या नावाखाली मराठीचं नुकसान होतं, त्याची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते. काही कळफलक 'ऱ्य' लिहिताना र आणि य यांच्यामध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालतात. अतिउत्साही गाळणी ते संशयास्पद म्हणून उडवते, आणि सातपुड्याच्या दऱ्यांचा दर्या होतो. शेतकऱ्यांसाठीच्या अर्जात 'शेतकऱ्यां'च्या य वर रफार चढतो. मजकूर बाइट मोजून कापला तर अक्षर मधेच तुटतं. पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेच्या जुन्या आवृत्तींत अशा तुटक्या मजकुरावर वेष बदलणारं फंक्शन चालवलं की हाती रिकामी ओळ येत असे. चोर अडवण्याच्या नादात घरचा माणूसच बाहेर राहिला.

तो लेख मी शेवटी युनिकोडमध्ये आणला, झ आणि ढ एकेक तपासून. आता कुणी विद्यार्थी नवा फॉर्म दाखवायला आणतो तेव्हा मी त्यात 'ढगांआडच्या दऱ्या' टाइप करतो, शेजारी 'पेक्षा लहान'चं चिन्ह, '&' आणि एक अवतरणचिन्ह ठेवतो, बटण दाबतो आणि काय परत येतं ते पाहतो.