काखेतीतले पुरलेले रांजण

जॉर्जियाच्या पूर्वेला, थोरल्या कॉकेशस पर्वताच्या पायथ्याशी अलाझानी नदीचे रुंद खोरे पसरले आहे. या प्रांताचे नाव काखेती. देशातल्या द्राक्षबागांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक बागा एकट्या इथे आहेत. पण जुन्या पद्धतीने वाइन करणाऱ्या घरात शिरले तर वाइनचे भांडे कुठे दिसत नाही. ते जमिनीत असते. वर राहते ते फक्त तोंड, तेही बहुतेक वेळा झाकलेले.

या भांड्याला क्वेव्री म्हणतात आणि ती जिथे पुरतात त्या खोलीला मरानी. क्वेव्रीचा आकार अंड्यासारखा, बूड निमुळते. पेवात धान्य राहावे तसा द्राक्षांचा रस जमिनीत राहतो, फक्त पेवाच्या जागी मातीचा रांजण असतो. लहान क्वेव्री वीस लिटरची, मोठी दहा हजार लिटरपर्यंतची. ती चाकावर घडत नाही. कुंभार मातीच्या जाड वळ्या एकावर एक चढवत जातो, आणि खालचा थर वरचा भार पेलण्याइतका सुकल्याशिवाय पुढचा चढत नाही. मोठ्या भांड्याला म्हणूनच कित्येक आठवडे लागतात. मग भट्टीचे तोंड विटांनी बंद करून दिवसचे दिवस भाजणी चालते. बाहेर काढलेले भांडे गरम असतानाच त्याला आतून मेण फिरवतात. तेलावी शहराजवळच्या वार्दिसुबानी गावात हे काम अजून चालते.

सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत द्राक्षतोडणीचा हंगाम असतो. त्याला र्त्वेली म्हणतात. शहरात नोकरीला गेलेली मुले या दिवसांत गावी येतात. बागेत मुख्य जाती दोन: पांढरी र्कात्सितेली आणि काळी सापेरावी. सापेरावीचे नुसते सालच नव्हे, गरही लाल असतो. तिच्या नावाचा अर्थच रंग देणारी. तोडलेले घड पूर्वी एकाच खोडातून कोरलेल्या लांब लाकडी डोणीत टाकून पायांनी तुडवत. काही घरी ही डोण अजून वापरात आहे, बाकीच्यांनी चरकासारखे यंत्र घेतले आहे.

काखेतीची खास रीत यापुढे सुरू होते. पांढऱ्या द्राक्षांचा रस एरवी सालांपासून लगेच वेगळा करतात. इथे रसाबरोबर साले, बिया, देठ असा सगळा चोथा क्वेव्रीत जातो. या चोथ्याला चाचा म्हणतात, आणि पुढे त्यापासून काढलेल्या कडक दारूलाही चाचाच. पश्चिमेकडच्या इमेरेती प्रांतात चोथा थोडासाच घालतात. तिथली वाइन म्हणून फिकी आणि हलकी. दोन-तीन दिवसांत रस आपोआप आंबू लागतो, बुडबुडे येतात आणि चोथ्याचा जाड थर वर तरंगतो. तो कोरडा पडला तर वाइन बिघडते. म्हणून दिवसातून अनेकदा, रात्रीही उठून, लांब लाकडी दांड्याने तो खाली दाबावा लागतो. आंबणे थांबले की थर आपणहून बुडतो. बिया निमुळत्या तळात जाऊन बसतात आणि त्यांच्यावर गाळ साचतो, त्यामुळे बियांचा कडवटपणा वाइनमध्ये फारसा उतरत नाही. भांड्याचा आकार इथे उपयोगी पडतो. मग तोंडावर झाकण ठेवून कडा ओल्या चिकणमातीने लिंपतात. पुढचे पाच-सहा महिने माणसाला करण्यासारखे काही नसते. तापमान सांभाळायचे काम भोवतालची जमीन करते.

पाट्यांवर ‘आठ हजार वर्षांची वाइन’ असे लिहिलेले असते. त्याला आधार आहे, पण मातीच्या भांड्यांतले वाइनचे तेवढे जुने अवशेष क्वेमो कार्तली या शेजारच्या प्रांतात सापडले. त्यांचे संशोधन 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. मधला काळ सलगही नव्हता. सोव्हिएत राजवटीत वाइन कारखान्यांत बनू लागली आणि क्वेव्री घरगुती वापरापुरती उरली. 2006 मध्ये रशियाने जॉर्जियन वाइनवर बंदी घातली. मोठे गिऱ्हाईक गेल्याने उत्पादकांना नवे बाजार शोधावे लागले, आणि तिथे वेगळेपणासाठी क्वेव्रीच कामी आली. 2013 मध्ये युनेस्कोने या पद्धतीला वारशाचा दर्जा दिला. आजही एकूण उत्पादनात तिचा वाटा लहान आहे. बाकी वाइन पोलादी टाक्यांतच होते.

तोडणीनंतरची मेजवानी म्हणजे सुप्रा. तिची सूत्रे तामादाच्या हाती असतात. देव, शांतता, पूर्वज, मुले अशा एकेका विषयावर तो बोलतो, आणि त्याचे बोलणे झाल्याशिवाय पेला ओठाला लावायचा नाही. बोलण्याची पाळी दुसऱ्याकडे देताना तो ‘अलावेर्दी’ म्हणतो; याच नावाचे अकराव्या शतकातले भव्य चर्च खोऱ्यात उभे आहे. तिथल्या मठाची स्वतःची मरानी आहे. सुप्रात छाटणीच्या वाळलेल्या काड्यांच्या निखाऱ्यावर मांस भाजतात आणि गाणी तीन सुरांत होतात. खालचा सूर अखंड धरून ठेवलेला, त्यावर दोन गायक आळीपाळीने खेळतात. याच धाटणीचे ‘चाक्रुलो’ हे काखेतीचे गाणे 1977 मध्ये व्हॉयेजर यानांच्या तबकडीवर अवकाशात गेले.

डोंगर चढणाऱ्यांसाठी पूर्वेला लागोदेखीचे अरण्य आहे. ते 1912 पासून संरक्षित असून तिथून दागेस्तानच्या सीमेवरच्या तळ्यापर्यंत तीन दिवसांची पायवाट जाते. उत्तरेला तुशेती हा डोंगराळ भाग. तिथे जाणारी अबानो खिंड सुमारे 2,800 मीटरवर आहे आणि रस्ता साधारण जून ते ऑक्टोबर एवढाच उघडा असतो. अरुंद, कठडे नसलेला. एवढ्या उंचीवर द्राक्षे येत नाहीत, म्हणून तुशेतीच्या सणांत वाइनऐवजी गावात मुरवलेली बियर असते. शरद ऋतूत तिथले धनगर हजारो मेंढ्या घेऊन खोऱ्यातल्या अल्वानी गावांकडे उतरतात, नेमके र्त्वेलीच्या सुमारास. बागांमधल्या रस्त्यांवर तेव्हा गाड्यांना कळपामागे थांबावे लागते.

वसंतात माती फोडून क्वेव्रीची झाकणे उघडतात. पांढऱ्या द्राक्षांची वाइन अंबराच्या रंगाची आणि चहासारखी तुरट असते. ती उपसून दुसऱ्या भांड्यात जाते, चोथा दारूच्या भट्टीकडे, आणि उरते ते सर्वांत कष्टाचे काम: धुणे. पाहुण्यांच्या कार्यक्रमात ते क्वचितच दाखवतात. पुढच्या वर्षीची वाइन मात्र त्यावरच ठरते. मोठ्या क्वेव्रीत माणूस स्वतः उतरतो. लहान क्वेव्रीसाठी चेरीच्या सालीचे थर लांब दांड्याला बांधून केलेला घासणा असतो, त्याला सार्त्स्खी म्हणतात. राखेचे किंवा चुन्याचे पाणी, मग गरम पाणी, मग साधे. दरवेळी घासून उपसायचे, पाणी निर्मळ निघेपर्यंत. तोडणीला अवकाश असेल तर आत गंधकाची वात जाळून तोंड पुन्हा झाकतात.