अर्ध्या वाटेवरचा प्रबंध

प्रवेशपरीक्षेचा निकाल लागतो त्या दिवशी घरी पेढे वाटले जातात, आणि मौखिक परीक्षा पार पडून नावाआधी ‘डॉक्टर’ ही उपाधी लागते त्या दिवशी सत्कार होतो. परंतु या दोहोंच्या मधोमध, नोंदणीला दोन-तीन वर्षे लोटल्यावर, पीएच.डी.चा विद्यार्थी ज्या मुक्कामाला पोचतो त्याची दखल घेणारा कोणताही सोहळा आपल्याकडे नाही.

दफ्तरी मात्र हा मध्य काटेकोरपणे आखलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी.ची किमान मुदत तीन वर्षांची व कमाल सहा वर्षांची. आरंभी कोर्सवर्क, आणि पुढे दर सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगतीचा अहवाल. नेट परीक्षेतून ज्यांना जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, त्यांच्या कामाची दोन वर्षांनी तपासणी होते आणि समितीचे समाधान झाल्यास कनिष्ठ अधिछात्र ज्येष्ठ होतो. २०२३ पासूनच्या दरांप्रमाणे दरमहा ३७,००० रुपयांच्या जागी ४२,००० रुपये मंजूर होतात.

ज्ञानाचा मध्य या हिशेबाने येईलच असे नाही, कारण उत्तरार्ध हा पूर्वार्धाची निव्वळ पुनरावृत्ती नसतो. पूर्वार्ध संग्रहाचा, तर उत्तरार्ध त्यागाचा. ‘पेशवाईतील महसूलव्यवस्था’ असा भव्य विषय घेऊन पुण्याच्या पेशवे दफ्तरात बसलेला विद्यार्थी मोडी कागदांचे रुमाल सोडता सोडता जेव्हा ओळखतो की एका आयुष्यात हे सारे वाचून व्हायचे नाही, आणि एका परगण्याच्या वीस वर्षांच्या जमाबंदीवर येऊन थांबतो, तेव्हा पाहणाऱ्याला ती माघार वाटते. वस्तुतः तेथेच त्याचे संशोधन सुरू झालेले असते. गोळा केलेल्या टिपणांपैकी कितीतरी टिपणे आता प्रबंधात येणार नाहीत, हे मान्य करणे या काळातील सर्वांत कठीण काम होय. आणि नेमक्या याच काळात ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात दुसऱ्या विद्यापीठातील जवळजवळ त्याच विषयाचा प्रबंध सापडून त्याची झोप उडते.

या मध्याचे सर्वांत कठोर उदाहरण आपल्या इतिहासातच आहे. कोलंबिया विद्यापीठातील अध्ययनानंतर १९१६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. परंतु बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले, आणि वेगळ्या जहाजाने पाठविलेले त्यांचे ग्रंथ महायुद्धाच्या धुमाळीत जहाजासह समुद्राच्या तळाशी गेले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी त्यांच्या हाती होती. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठविलेली रक्कम, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते १९२० साली लंडनला परतले, १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले, आणि परीक्षकांच्या सूचनेवरून फेरलेखन करून १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने त्यांनी डी.एस्सी. संपादन केली. ही जिद्द अलौकिक खरीच. पण संस्थेने मधला दरवाजा बंद केला नव्हता, ही गोष्टही तितकीच स्मरणात ठेवण्याजोगी आहे.

कारण मध्यावर पोचलेल्या विद्यार्थ्याला उपदेशाची गरज फारशी नसते. त्याला हवी असते वेळेवर मिळणारी अधिछात्रवृत्ती, आजारपण वा घरची अडचण उद्भवल्यास विनासायास मिळणारी मुदतवाढ, आणि विषय आक्रसल्याबद्दल न रागावता त्यातील प्रगती ओळखणारा मार्गदर्शक. घरच्या मंडळींनी ‘तुझे कधी संपणार?’ हा नित्याचा प्रश्न बाजूला ठेवून ‘तू आता नेमके काय शोधतो आहेस?’ असे विचारून पाहावे. त्याचे उत्तर जो एका साध्या वाक्यात देऊ शकतो, त्याची नोंदणी कोणत्याही साली झालेली असो, त्याने अर्धी वाट ओलांडली असे खुशाल समजावे.