कांताबाई सातारकर : वगातला पुरुषार्थ

तमाशातल्या बाईवर लिहायला बसलं की आपल्याकडची लेखणी आधी तिच्या रूपाकडे वळते, मग गळ्याकडे आणि शेवटी तिच्या हालअपेष्टांकडे. कांताबाई सातारकरांच्या वाट्यालाही बहुतेक तेच आलं. त्यांची खरी थोरवी मात्र मला त्यांच्या पुरुषभूमिकांत दिसते. शिवाजी महाराज, संभाजी महाराज अशा भूमिका या बाईने गावोगावच्या जत्रांत गाजवल्या.

त्यांचा जन्म १९३९चा, गुजरातेतला. आईवडील दगडखाणीवर राबणारे, घरात कलेचा वारसा नाही. कुटुंब साताऱ्याला परतल्यावर पोर मेळ्यात नाचू लागली आणि पुढे मुंबई गाठून तुकाराम खेडकरांच्या फडात दाखल झाली. तुकाराम वगसम्राट म्हणून नावाजलेले. त्यांच्याशीच संसार झाला. १९६४मध्ये ते गेले आणि पदरी लहान मुलं असताना सगळं नव्याने मांडायची वेळ आली. काही वर्षांतच कांताबाईंनी स्वतःचा फड उभा केला आणि संगमनेर हेच आपलं गाव मानलं.

संगमनेरची माती या कलेला नवखी नव्हती. शाहीर अनंत फंदी इथलेच. पठ्ठे बापूरावांच्या फडातली पवळा याच तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची. नाच्या पोऱ्या बाई व्हायचा त्या काळात पवळा बाई म्हणूनच बोर्डावर उभी राहिली. पुढच्या पिढीत कांताबाईंनी त्याच बोर्डावर बाईच्या अंगात राजा उभा केला. जिल्ह्याच्या नाट्य-इतिहासात ही दोन पावलं शेजारी-शेजारी मांडायला हवीत.

हे किती अवघड, ते फडाची रात्र पाहिली की कळतं. गण झाला, गवळण झाली. गवळणीत पाऊल सपाट पडायला हवं, तरच चाळ एका ठोक्यात बोलतात. कंबर सैल, मान हलती. मग बतावणी, आणि नंतर वग. आता तेच पाऊल रोवून टाकायचं, खांदे रुंद करायचे, आवाज पोटातून काढायचा. नेपथ्य बेताचंच. ढोलकी-हलगीच्या तालावर बोर्डाला एक फेरी मारली की रायगडावरून पन्हाळ्याला पोचायचं. प्रेक्षक ते मान्य करतो, कारण नटाचं अंग ते पटवून देतं.

अंगाची अशी विद्या पाठ बांधून शिकवताही येते. रशियात व्सेवोलोद मेयरहोल्ड या दिग्दर्शकाने १९२०च्या दशकात नटाच्या अंगाचं शास्त्रच बांधलं. बाण मारायचा एक पाठ त्यात होता : पुढे झेपावण्याआधी अंग उलट दिशेला न्यायचं, म्हणजे प्रेक्षकाची नजर आपोआप तयार होते. १९३९मध्ये त्यांना अटक झाली, १९४०मध्ये गोळ्या घातल्या गेल्या आणि त्यांचं नावही घेणं अवघड झालं. तरी विद्या टिकली. निकोलाय कुस्तोव या त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने म्हातारपणी, १९७०च्या दशकात, मॉस्कोच्या काही तरुण नटांना ते पाठ अंगावर शिकवले. त्यांतल्या गेन्नादी बोग्दानोव यांनी पुढे ते देशोदेशी नेले. आज युरोपातल्या नाट्यशाळांत ते गिरवले जातात.

आपल्याकडे कांताबाईंच्या कलेवर बंदी नव्हती. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिला मान त्यांनाच मिळाला. मुलगा रघुवीर खेडकर यांनी फड पुढे चालवला. पण राजाची चाल बाईच्या अंगात कशी बसवायची, वळताना तलवारीचा हात कुठे ठेवायचा, याचे पाठ कुणी रीतसर बांधून ठेवले नाहीत. २५ मे २०२१ रोजी, कोरोनाने जत्रा बंद पाडल्या त्याच काळात, कांताबाई संगमनेरमध्ये वारल्या. वय ८२.

त्यांच्याबरोबर बोर्डावर उभे राहिलेले कलावंत अजून आहेत. विद्यापीठांच्या नाट्यविभागांनी त्यांना हारतुऱ्यांसाठी बोलावणं पुरे करावं. मानधन देऊन, वर्षभरासाठी, शिक्षक म्हणून बोलवावं आणि आपली मुलं त्यांच्यासमोर उभी करावीत.