हरवलेल्या ओळी

इ. स. २०२० मध्ये इंग्लंडात कोरोनाची साथ पसरली होती. प्रयोगशाळांकडून येणाऱ्या रुग्णांच्या नोंदी तेथील सार्वजनिक आरोग्यसंस्था संगणकावरील एक्सेलच्या तक्त्यांत भरीत असे. हे तक्ते जुन्या धर्तीचे होते. त्यांत ओळीच्या क्रमांकासाठी ० व १ या अंकांची सोळाच घरे असल्यामुळे ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नसत. शिवाय एकेका रुग्णाची माहिती अनेक ओळी व्यापीत असे. तक्ता भरला, की पुढील नोंदी मुकाट्याने गळून पडत. घागर भरून वाहिली, तर जमीन तरी ओली होते. येथे तेवढीही खूण दिसली नाही!

२५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांत १५,८४१ रुग्ण मोजणीतून सुटले. त्यांना स्वतःला आजाराची वार्ता मिळाली होती. परंतु त्यांच्या सहवासात आलेल्यांना वेळीच सावध करणे राहून गेले. खरी हानी झाली ती हीच.

पुढे नोंदी लहान लहान तुकड्यांत विभागून भरण्यात येऊ लागल्या. याहून साधा उपायही आहे. नोंदी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना दोहोंकडच्या ओळी मोजाव्या. संख्या जुळली नाही, तर संगणकाने तेथेच थांबून तसे कळवावे, अशी सूचना आज्ञावलीत लिहून ठेवता येते.