बेड्या विकल्या, गाणी गायली

नॅशव्हिल म्हटलं की काउबॉय टोपी, गिटार आणि कंट्री संगीत. पण या अमेरिकी शहराचं गाणं आधी सातासमुद्रापार नेलं ते फिस्क विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय पोरापोरींनी.

९ जानेवारी १८६६. गुलामगिरी कायद्याने संपून जेमतेम महिना झालेला. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी लष्करी इस्पितळाच्या जुन्या बराकींत फिस्कचे वर्ग भरवले. गुलामांच्या गंजक्या बेड्या भंगारात विकून पुस्तकं आणली, असं सांगतात. खरेदी असावी तर अशी!

पाच वर्षांत तिजोरीत खडखडाट. खजिनदार जॉर्ज व्हाइट संगीतही शिकवत. १८७१च्या ऑक्टोबरात नऊ विद्यार्थ्यांना घेऊन ते गायला निघाले. बहुतेक जण जन्माने गुलाम. सिनसिनाटीत हाती पडले पन्नास डॉलरच्या आत, तेही यांनी शिकागोच्या आगीत होरपळलेल्या लोकांना देऊन टाकले. अंगावर कर्ज असताना! मंडळीचं नाव पडलं 'ज्युबिली सिंगर्स'. बायबलात ज्युबिलीचं वर्ष म्हणजे गुलामांच्या सुटकेचं. १८७३ साली ते थेट व्हिक्टोरिया राणीसमोर गायले. गाण्याच्या पैशांतून १८७६ साली ज्युबिली हॉल उभा राहिला. ग्रॅमी मात्र यायला २०२१ उजाडलं.

चित्रांतही फिस्क श्रीमंत. जॉर्जिया ओकीफ यांनी १९४९ साली पिकासो, सेझान, रेन्वार यांची चित्रं भेट दिली. आता तो संग्रह दोन वर्षं इथे, दोन वर्षं आर्कन्सॉच्या एका संग्रहालयात नांदतो.

शहरही नमुनेदार. १८९७च्या प्रदर्शनासाठी इथे ग्रीकांचं पार्थेनॉन जसंच्या तसं बांधलं गेलं. जगप्रसिद्ध 'हॉट चिकन' म्हणे थॉर्न्टन प्रिन्स नावाच्या एका गड्याच्या बाहेरख्यालीपणावर चिडलेल्या बाईने सूड म्हणून तिखटात बुडवलं. पठ्ठ्याला तेच आवडलं.

आणि आता नागपूरकरांनी कॉलर ताठ करावी. मिशनरी म्हणून आलेले जेम्स लॉसन पन्नाशीच्या दशकात तिथल्या हिस्लॉप कॉलेजात होते. नागपुरात गांधीविचार मुरवून ते नॅशव्हिलला गेले आणि तरुणांना मार खाऊनही हात न उगारण्याची तालीम देऊ लागले. त्यात फिस्कची डायान नॅश होती. तेव्हा दुकानांत काळ्यांनी सामान घ्यावं, पण खाण्याच्या काउंटरवर बसू नये, असा दंडक. फेब्रुवारी १९६०मध्ये पोरं तिथेच जाऊन बसली. एप्रिलमध्ये नॅशने महापौर बेन वेस्ट यांना त्यांच्या कचेरीच्या पायऱ्यांवर गाठून विचारलं, हा भेदभाव चूक नाही का? ते 'हो' म्हणाले. १० मेपासून त्या काउंटरांवर काळ्या गिऱ्हाइकांनाही जेवण मिळू लागलं.