जुनं सागवान घासण्याआधी स्पिरिटचा बोळा फिरवून बघा

धार/देवास : पावसाळा सरला की घरोघरी पॉलिशचं काम निघतं. धार संस्थानात आणि देवासच्या थोरल्या-धाकट्या पातीत पवारांच्या दरबारी नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांकडे सागवानी झोपाळे, देव्हारे, कपाटं जपलेली आढळतात. १९४८ मध्ये संस्थानं मध्य भारतात विलीन झाली, सामान मात्र घरात राहिलं. आता कारागीर मशीन घेऊन येतो आणि म्हणतो, "पूरा घिस देते हैं." इथेच थांबायला हवं. कारण वर्षानुवर्षं चढलेला सागाचा रंग वरच्या पातळ थरातच असतो. तो एकदा घासला गेला की परत येत नाही.

आधी ओळखा
मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस घासा. चिकट होऊन तपकिरी रंग उतरला तर ते लाखेचं पॉलिश आहे. ते सोलून काढायची सहसा गरज नसते. नव्या हातातलं स्पिरिट जुना थर थोडा विरघळवतं आणि दोन्ही थर एकजीव होतात. म्हणून आधी मळ पुसा, बारीक पेपर हलका फिरवा, मग १ लिटर स्पिरिटला साधारण १५० ग्रॅम चपडा लाख विरघळवून मऊ सुती फडक्याच्या बोळ्याने पातळ हात द्या. दमट हवेत हे काम करू नका, पॉलिशवर पांढरट छटा येते.

कापूस कोराच राहिला तर बहुधा ऑइलपेंट किंवा आधुनिक कोटिंग आहे. जुन्या पेंटवर कोरडी मशीन चालवू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांना घातक ठरू शकते. वॉटर पेपर ओला करूनच घासा, तोंडाला मास्क लावा.

माडीच्या फळ्या
पायाखालच्या जमिनीला लाख टिकत नाही, पाणी सांडलं की डाग पडतो. तिथे डबल बॉइल्ड अळशी तेलाचा पातळ हात द्या, अर्ध्या तासाने उरलेलं तेल पुसून घ्या. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून बाहेर पसरून वाळवा.

कारागिराशी दर ठरवण्याआधी त्याला एवढंच विचारा, "यावर आधी काय लावलंय?" जो बघून, तपासून उत्तर देईल, त्यालाच काम द्या.